आवारात पाणी तुंबले की मलवाहिनीचे झाकण उघडावे का?

माटुंगेकर

नमस्कार. आमची सोसायटी किंग्ज सर्कलजवळच्या सखल पट्ट्यात आहे. जोराचा पाऊस आणि मोठी भरती यांची गाठ पडली की आवारात घोट्याच्या वर पाणी साचते आणि त्याबरोबर दरवर्षीचा वादही वर येतो. सचिवांच्या सांगण्यावरून वॉचमन मागच्या बाजूच्या मलवाहिनीच्या चेंबरचे झाकण पहारीने उचलतो, पाणी भोवरा करून आत जाते आणि थोड्याच वेळात आवार मोकळे होते. कमिटीतील दोन सदस्यांचा याला विरोध आहे. पण विचारले तर "ते नियमात बसत नाही" याच्या पलीकडे त्यांना कारण देता येत नाही. उरलेल्यांचे म्हणणे असे, की शेवटी सगळे पाणी समुद्रातच जायचे आहे, मग ते या पाइपातून गेले काय आणि त्या पाइपातून गेले काय?

येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय येणार आहे. मुंबईत पावसाचे पाणी आणि सांडपाणी जमिनीखालून नेमके कुठे आणि कसे जाते, आणि झाकण उघडण्याने खरोखर काही बिघडते का, हे जाणकारांनी समजावून सांगावे, ही विनंती. राजकारण नको.

वात्रट_वासू

गटाराचा धागा आणि राजकारण नको? अवघड अट आहे. प्रयत्न करू.

निवृत्त_जलअभियंता

माझी सगळी नोकरी एका महानगरपालिकेच्या निचरा खात्यात गेली, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

मुंबईच्या पोटात दोन स्वतंत्र जाळी आहेत. पहिले पर्जन्य जलवाहिन्यांचे. यात रस्त्याकडेची गटारे, दक्षिण मुंबईतील रस्त्यांखालचे जुने विटांचे कमानी नाले, उपनगरांतील उघडे नाले आणि मिठी, दहिसर, पोयसर, ओशिवरा या नद्या येतात. हे पाणी कोणत्याही प्रक्रियेविना समुद्रात किंवा खाडीत पडते. अशी पातमुखे, म्हणजे पाणी बाहेर पडायची तोंडे, सुमारे १८६ आहेत. दुसरे जाळे मलनिःसारणाचे. ते सुमारे २,००० किलोमीटर लांबीचे असून शौचालय, न्हाणीघर आणि स्वयंपाकघरातील पाणी त्यातून आधी उताराने आणि मग उदंचन केंद्रांतील पंपांच्या साह्याने कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप या सात केंद्रांकडे जाते. वरळी आणि वांद्रे येथून ते तीन किलोमीटरहून अधिक लांबीच्या बोगद्यांतून खोल समुद्रात सोडले जाते.

म्हणजे "शेवटी सगळे समुद्रातच" हे वाक्य ढोबळ मानाने खरे असले, तरी दोन्ही वाटांची आखणी निराळ्या हिशोबाने झालेली आहे. पावसाची वाहिनी वर्षातले आठ महिने जवळजवळ रिकामी आणि उरलेले चार महिने तुडुंब, असे गृहीत धरून बांधतात. मलवाहिनीत रोज पहाटेपासून रात्रीपर्यंत थोड्याफार फरकाने तेवढेच पाणी यायचे असते. तिचा उतार असा ठेवतात, की कमी प्रवाहातसुद्धा घाण तळाशी बसू नये. त्यासाठी सेकंदाला साधारण ०.६ मीटर वेग लागतो. जुन्या विटांच्या मलवाहिन्यांचा छेद अंड्यासारखा, निमुळते टोक खाली असलेला आढळतो तो याच कारणासाठी. रात्री पाणी कमी झाले तरी त्या निमुळत्या भागात ते पुरेशा खोलीने आणि वेगाने वाहत राहते. शिवाय मलवाहिनी तोंडोतोंड भरून वाहण्यासाठी आखतच नाहीत. वर हवेसाठी जागा सोडलेली असते. तुमचा वॉचमन ती जागा भरून टाकतो.

गणिताचे_मास्तर

वरील प्रतिसादाला आकड्यांची जोड देतो.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. सोसायटीचा भूखंड १,५०० चौरस मीटरचा धरू आणि तासाला ५० मिलिमीटर पाऊस धरू, जो जुलैच्या मुंबईत मुळीच दुर्मीळ नाही. एका तासात ७५,००० लिटर पाणी आवारात पडले. आता ४० सदनिका, प्रत्येकी पाच माणसे, माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्यातील ८० टक्के सांडपाणी असा नेहमीचा हिशोब केला, तर इमारतीचे दिवसभराचे सांडपाणी २१,६०० लिटर होते. म्हणजे एका तासाच्या पावसात तुम्ही मलवाहिनीत जवळजवळ साडेतीन दिवसांचे सांडपाणी ओतता.

आणि हे केवळ एका सोसायटीचे झाले. रस्त्यावरच्या दहा सोसायट्यांनी हाच शहाणपणा केला, तर उत्तर काढायला गणिताचे मास्तर नकोत.

घाटकोपरचा_नाला

हिशोब बिनचूक असेलही, पण मूळ दुखण्याकडे कोणी पाहत नाही असे वाटते. लोक झाकण हौसेने उघडत नाहीत. पावसाची गटारे गाळ, थर्माकोल, प्लास्टिकच्या पिशव्या आणि बांधकामाच्या राडारोड्याने भरलेली असतात म्हणून उघडतात. आमच्याकडे नालेसफाई होते म्हणजे गाळ काढून नाल्याच्या काठावर ठेवतात. तो वाळेपर्यंत पाऊस येतो आणि गाळ स्वगृही परततो. भरतीबिरती या सबबी आहेत. गटारे साफ ठेवा, पाणी तुंबणार नाही.

वात्रट_वासू

२०२५ साली नालेसफाईची मुदत ३१ मे होती आणि मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. त्याने १९५६ सालचा २९ मेचा विक्रम मोडला, आणि नव्या भुयारी मेट्रोच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात तिकीट न काढता पाणी शिरले. पावसाने निविदेतील अटी वाचलेल्या नव्हत्या, हे उघड आहे.

परळची_सून

घाटकोपरचा_नाला, गाळाबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत आहे, पण भरतीला सबब म्हणू नका. माझे सासर हिंदमातापासून पाच मिनिटांच्या अंतरावर आहे. गटारे स्वच्छ असतानाही तिथे पाणी चढलेले मी पाहिले आहे, कारण तो भाग बशीसारखा आहे. चहूबाजूंचे पाणी तिथे उतरते आणि पुढे जायला उतारच उरत नाही. सासूबाईंना पंचांग आणि भरतीचे वेळापत्रक दोन्ही पाठ असे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाऊस लागला, की त्या दुपारीच तांदळाचा डबा माळ्यावर चढवायला सांगत.

निवृत्त_जलअभियंता

परळची_सून यांच्या सासूबाई आमच्या खात्यात असायला हव्या होत्या.

भरतीचा भाग थोडा खोलात जाऊन सांगतो, कारण मुंबईचे सगळे गणित तिथे अडते. मूळची सात बेटे आणि त्यांच्यामधल्या खाड्या व दलदली भरून हे शहर उभे राहिले. वरळीची खिंड अडवणारा हॉर्नबी वेलार्ड हा बांध १७८४ साली पुरा झाला आणि आतला मोठा पट्टा समुद्रापासून तुटला. तो कोरडा झाला, पण उंच झाला नाही. जिथे भराव कमी पडला ते भाग आजही भरतीच्या पाण्याच्या पातळीहून जेमतेम वर किंवा चक्क खाली आहेत. बहुतेक पातमुखांची पातळीही भरतीच्या पाण्याखाली जाते. साडेचार मीटर किंवा त्याहून मोठी भरती असेल, तर पाण्याला बाहेर पडायची वाट काही तास बंदच होते; दरवाजे नसतील तर समुद्र उलट आत येतो. ओहोटी लागेपर्यंत जेवढा पाऊस पडेल तेवढा शहरातच थांबतो. साधारण साडेबारा तासांत एकदा भरती येते, म्हणजे मोठ्या भरतीच्या दिवसांत हा प्रसंग रोज दोनदासुद्धा येऊ शकतो.

जुनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी होती, तीसुद्धा ओहोटीच्या वेळी आणि पडलेल्या पाण्यापैकी निम्मे जमिनीत मुरेल असे धरून. १९८५ च्या पुरानंतर अभ्यास झाला आणि १९९३ साली मुंबईच्या पर्जन्यजल निचऱ्यावरचा 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल आला. त्यात तासाला ५० मिलिमीटर पाऊस धरला आणि मुरणारे पाणी शून्य मानले, कारण तोवर माती दिसेनाशी झाली होती. हा फरक अनेकांना दुप्पट वाटतो. मास्तर, तुम्हीच सांगा.

गणिताचे_मास्तर

चौपट. एका हेक्टरवर २५ मिलिमीटरपैकी निम्मे वाहिले तर तासाला १२५ घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ३५ लिटर. ५० मिलिमीटर सगळेच्या सगळे वाहिले तर ५०० घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १३९ लिटर. अंगणात फरशी बसवून घेणाऱ्या प्रत्येक सोसायटीने हे दोन आकडे सूचनाफलकावर लावावेत.

घाटकोपरचा_नाला

मग १९९३ च्या अहवालाचे काय झाले, हेही सांगा. कपाटात ठेवला आणि २६ जुलै २००५ रोजी पाणी गळ्याशी आल्यावर बाहेर काढला. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढे पाणी कोणतीच गटारे वाहून नेऊ शकली नसती, हे मला मान्य आहे. पण मिठीचा गळा आवळला होता तो पावसाने नव्हे. काठांवर भराव झाले, झोपड्या आल्या, कारखाने आले, विमानतळाची धावपट्टी पात्रावरून गेली. त्या पुराच्या चौकशीसाठी नेमलेल्या चितळे समितीनेही २००६ च्या अहवालात पात्राच्या या संकोचाकडे बोट दाखवले.

निवृत्त_जलअभियंता

सगळे खरे आहे. त्याच दिवशी कुलाब्याला केवळ ७३ मिलिमीटर पाऊस पडला होता, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. एकाच शहरात दोन टोकांना इतके अंतर पडू शकते, म्हणून "मुंबईत आज इतका पाऊस" या बातमीवर कोणताही निर्णय घेता येत नाही. विभागवार पर्जन्यमापक लागतात, आणि ते त्यानंतर बसवले गेले.

अहवालातील आठ पर्जन्यजल उदंचन केंद्रांपैकी सहा झाली: हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध. मोगरा आणि माहुल ही दोन वर्षानुवर्षे रखडली. यांतील एकेक पंप सेकंदाला ६,००० लिटर पाणी उचलतो. काम करण्याची पद्धत अशी, की भरती चढू लागली की समुद्राकडचे दरवाजे बंद करायचे आणि आतले पाणी पंपाने वरून पलीकडे टाकायचे. मात्र पंप केंद्रापर्यंत पाणी पोहोचले तरच. मधला नाला गाळाने भरलेला असेल, तर पंप कोरडा फिरतो आणि दोन रस्ते सोडून लोक कमरेएवढ्या पाण्यात उभे असतात. या बाबतीत तुमचे आणि माझे भांडणच नाही.

थेम्सकाठी

मी मूळची गिरगावची, सध्या लंडनमध्ये राहते. इथली गंमत उलटी आहे. इथे जुन्या शहरात पाऊस आणि मैला एकाच वाहिनीतून जातात. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने संसदेचे कामकाज करणे कठीण झाले, तेव्हा जोसेफ बॅझलजेट यांनी आखलेल्या मोठ्या वाहिन्यांना मंजुरी मिळाली. त्या आजही वापरात आहेत. पण एकत्रित व्यवस्थेची अडचण अशी, की पाऊस वाढला की मैलामिश्रित पाणी घरांत परतू नये म्हणून ते थेम्समध्ये सोडून द्यावे लागते. त्यावर उपाय म्हणून नदीखालून २५ किलोमीटर लांबीचा आणि सुमारे सात मीटर व्यासाचा बोगदा खणला. २०२५ च्या सुरुवातीला तो पूर्णपणे जोडला गेला.

मुंबईला दोन स्वतंत्र जाळी मिळाली असताना झाकणे उघडून ती एकत्र करणे, म्हणजे जी चूक निस्तरायला लंडनने अब्जावधी पौंड खर्च केले ती पहारीने फुकटात करणे आहे.

वात्रट_वासू

फुकटात कसे? वॉचमनला चहा पाजावा लागतो.

पेठेतला_पुणेकर

समुद्र हे कारण असेल तर पुण्यात पाणी का तुंबते, असा प्रश्न मी विचारणारच होतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने जे केले, त्यात भरतीचा काडीचाही संबंध नव्हता. ओढ्यांना गटार समजून त्यांच्या अंगावर भिंती बांधल्या की ते अधूनमधून आपली ओळख करून देतात.

निवृत्त_जलअभियंता

पुण्याला उतार आहे, मुंबईला नाही. पुण्यात पाणी वेगाने येते आणि वेगाने जाते; मुंबईत ते सावकाश येऊन मुक्काम करते. दोन्हीकडे ओढ्या-नाल्यांचे पात्र खाल्ले, एवढे साम्य मात्र आहे.

तळमजला

मी हा धागा पहिल्यापासून वाचत आहे आणि आता लिहिल्यावाचून राहवत नाही.

माटुंगेकर, तुमच्या आवारातले पाणी उतरते तेव्हा ते कुठे चढते, हे मी सांगतो. मी सायनच्या बाजूला एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहतो. आमची मलवाहिनी रस्त्याखालच्या मोठ्या वाहिनीला जोडलेली आहे आणि आमच्या घराची फरशी रस्त्यापेक्षा एक पायरी खाली आहे, कारण रस्ता दर डांबरीकरणात वर गेला आणि घर होते तिथेच राहिले. पाऊस वाढला की पहिल्यांदा न्हाणीच्या जाळीतून बुडबुडे येतात. मग संडासाच्या भांड्यातील पाणी खालीवर होऊ लागते. ते खाली जाऊन परत आले नाही, तर अजून वेळ आहे असे आम्ही समजतो. ते काळे होऊन काठाशी आले, की घरातली सगळी पोती आणि जुन्या चादरी भांड्यात कोंबून वर फळी ठेवून तिच्यावर पाण्याने भरलेले पिंप ठेवतो. जमले तर जमते. नाही जमले तर पावसाचे नव्हे, सगळ्या रस्त्याचे मलजल स्वयंपाकघरात येते. ते ओसरल्यावर भिंतीला जी रेघ राहते, ती फिनेलने जात नाही.

आमच्याकडचा पाऊस आमच्या घरात येतो यात नवल नाही. पण वरच्या अंगाच्या आवारांमधला पाऊससुद्धा मलवाहिनीतून आमच्याकडेच येतो.

परळची_सून

तळमजला, वाचून अंगावर काटा आला. पिंपाची युक्ती आमच्याकडेही करतात.

माटुंगेकर

तळमजला यांचा प्रतिसाद मी सभेत जसाच्या तसा वाचून दाखवणार आहे, त्यांची हरकत नसेल तर.

तरीही सचिवांच्या वतीने एक मुद्दा मांडतो, कारण तो सभेत येणारच. ते म्हणतात, पावसाळ्यात मलवाहिनीत एरवीही पावसाचे पाणी असतेच. आपले थोडे आणखी गेले तर काय मोठेसे? शिवाय पाण्यामुळे मैला पातळ होतो, ते प्रक्रियेला बरेच असेल.

निवृत्त_जलअभियंता

पहिला भाग खरा आहे. फुटलेले सांधे, चुकीच्या जोडण्या आणि उघडी झाकणे यांतून पावसाळ्यात मलवाहिनीतला प्रवाह फुगतोच. पण हे आणखी उघडण्याचे समर्थन होत नाही. जागा आधीच संपलेली आहे, असा त्याचा अर्थ.

दुसरा भाग साफ चुकीचा आहे. वरळी, वांद्रे यांसारख्या केंद्रांवर आजवर प्रामुख्याने जाळ्यांवर कचरा अडवणे आणि वाळू-रेती खाली बसवणे एवढीच प्राथमिक प्रक्रिया होत आली. पातळ झाल्याने मैला नाहीसा होत नाही, त्याचे आकारमान तेवढे वाढते. आता सात ठिकाणी नव्या केंद्रांची कामे २०२२ मध्ये दिली गेली असून त्यांची एकत्रित क्षमता दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर असणार आहे. ती जैविक प्रक्रियेवर चालतील, म्हणजे मैला खाण्याचे काम जिवाणू करतील. त्या जिवाणूंची वाढ टाकीत ठरावीक वेळ पाणी थांबण्यावर अवलंबून असते. अचानक तिप्पट-चौपट पाणी आले, तर जिवाणूच वाहून जातात आणि टाकी पूर्ववत व्हायला बरेच दिवस लागतात. ते टाळण्यासाठी चालक जादा पाणी प्रक्रियेविना पुढे सोडतो. हजारो कोटी खर्चून केंद्र उभारायचे आणि नेमके पावसाळ्यात ते वळसा घालून टाळायचे, असा प्रकार होईल.

याची दुसरी बाजूही तेवढीच वाईट आहे. ज्या वस्त्यांना मलवाहिनीची जोडणी नाही, तिथले सांडपाणी पावसाच्या नाल्यांत जाते. म्हणून ऐन उन्हाळ्यातही आपले नाले काळे वाहताना दिसतात. पावसाळ्यात पाऊस मलवाहिनीत, उन्हाळ्यात मैला नाल्यात. नकाशावर दोन जाळी आहेत, प्रत्यक्षात ती शेकडो ठिकाणी एकमेकांत घुसलेली आहेत.

टोकियोवारी

टोकियोजवळ कासुकाबे येथील भूमिगत पूरनियंत्रण व्यवस्था मी पाहून आलो आहे. जमिनीखाली साधारण ५० मीटरवर ६.३ किलोमीटरचा बोगदा, पाच अजस्र विहिरी आणि ५९ खांबांची एक टाकी, जिला पाहून देवळाच्या सभामंडपात उभे असल्यासारखे वाटते. मुंबईत असे काही का करत नाहीत?

निवृत्त_जलअभियंता

ती व्यवस्था छोट्या नद्यांचे जादा पाणी घेऊन ते मोठ्या एदो नदीत पंपाने टाकते. मैल्याचा तिथे संबंध नाही आणि पाणी घ्यायला पलीकडे मोकळी नदी आहे. मुंबईत लहान प्रमाणात त्याच कल्पनेचा प्रयोग झाला आहे. हिंदमाता परिसरासाठी प्रमोद महाजन कला पार्क आणि सेंट झेवियर्स मैदान यांच्याखाली टाक्या बांधल्या. भरतीच्या वेळी पाणी तिथे साठवायचे आणि ओहोटी लागली की सोडायचे. परळची_सून, फरक जाणवतो का?

परळची_सून

जाणवतो. पूर्वी पाणी दिवसभर राहायचे, आता बऱ्याचदा लवकर उतरते. पण फार मोठा पाऊस झाला की टाकी भरते आणि मग पहिले पाढे पंचावन्न.

चेंबरमधला_माणूस

मी सफाई कामगारांच्या प्रश्नांवर काम करतो. झाकणाबद्दल इतके बोलणे झाले, पण झाकणाखाली उतरणाऱ्या माणसाबद्दल कोणी लिहिले नाही.

मलवाहिनीत हायड्रोजन सल्फाइड वायू असतो. थोडा असताना सडक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, त्यामुळे आत उतरलेल्याला "आता वास नाही" असे वाटते आणि त्यानंतर फार वेळ उरत नाही. एक पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि बातमीत दोन-तीन मृत्यू एकत्र दिसतात ते यामुळे. हाच वायू वाहिनीच्या छतावरील ओलाव्यात जिवाणूंमुळे आम्ल होऊन काँक्रीट खातो. रस्ता अचानक खचतो त्यामागे अनेकदा हेच असते. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना माणसाला मलवाहिनीत उतरवणे हा गुन्हा आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई किमान ३० लाख रुपये केली.

आता सोसायटीशी संबंध सांगतो. उघड्या झाकणातून पावसाच्या पाण्यासोबत माती, पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या आणि पिशव्या आत जातात. पावसाळा संपला की वाहिनी तुंबते. मग कमिटी महापालिकेच्या गाडीची वाट न पाहता चौकातून दोन मुलांना बोलावून आणते, आणि ती मुले दोरीला धरून खाली उतरतात. साचलेले पाणी झाकणातून घालवायची सोय आणि ही मुले यांच्यात फारसे अंतर नाही.

घाटकोपरचा_नाला

या प्रतिसादानंतर मी वाद घालत नाही. एवढेच जोडतो, की साचलेल्या पाण्याखाली उघडे झाकण दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात शहरातले एक नामवंत डॉक्टर प्रभादेवीच्या बाजूला असेच उघड्या मॅनहोलमधून वाहून गेले. त्यानंतर झाकणाखाली जाळ्या बसवण्याचा विषय उच्च न्यायालयापर्यंत गेला. आवारातले झाकणही तितकेच धोक्याचे आहे. तिथे तर मुले खेळतात.

वात्रट_वासू

मी आज विनोद करत नाही. एक शंका विचारतो. सोसायटीच्या गच्चीवरून येणारा पावसाचा पाइप मुळात कुठे जोडलेला आहे, हे कोणी पाहिले आहे का? आमच्याकडे तो हाऊस गल्लीत, म्हणजे इमारतींमधल्या सफाईच्या बोळात, थेट मलवाहिनीच्या चेंबरला जोडलेला निघाला. म्हणजे झाकण बंद ठेवूनही आम्ही तेच पाप करत होतो, तेही सरकारमान्य प्लंबरच्या हातून.

निवृत्त_जलअभियंता

वासू यांनी विनोद न करता फार मोलाचे लिहिले आहे. जुन्या इमारतींमध्ये हे सर्रास आढळते. तपासायला सोपे आहे. कोरड्या दिवशी गच्चीवरील पावसाच्या पाइपात दोन बादल्या पाण्यातून पोटॅशियम परमँगनेट किंवा खाण्याचा गडद रंग ओता आणि खाली आवारातील दोन्ही प्रकारच्या चेंबरांत पाहा. रंग मलवाहिनीच्या चेंबरमध्ये दिसला, तर जोडणी चुकीची आहे. पाहण्यासाठी झाकण उचलावे लागेलच. ते माणूस उभा ठेवून, वरून टॉर्चने पाहावे, वाकून तोंड आत घालू नये आणि लगेच बंद करावे.

माटुंगेकर, तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर: उघडू नये. पण केवळ मनाई करून सभा जिंकता येणार नाही, कारण पाणी तर साचतेच. आधी आवारातील पावसाचे गटार रस्त्याकडेच्या गटाराला जिथे मिळते ती जागा शोधा. बहुधा फरशी घालताना ती बुजवलेली असते किंवा रस्ता वर गेल्याने तिचा उतार उलटा झालेला असतो. ती दुरुस्त करून तिच्या अलीकडे गाळ बसण्यासाठी खोलगट चेंबर ठेवा आणि मे महिन्यात ते रिकामे करा. मोठ्या भरतीच्या वेळी तेवढ्यानेही पाणी जाणार नाही. त्यासाठी आवारात जमिनीखाली टाकी किंवा शोषखड्डा, आणि जिथे गाड्या जात नाहीत तिथली फरशी काढून माती. तुमच्या भागात भूजल उथळ असेल तर शोषखड्डा पावसाळ्यात आपणच भरलेला सापडेल, म्हणून आधी खणून पाहा. रस्त्यावरील जोडणीला हात लावण्यापूर्वी विभाग कार्यालयातील परिरक्षण खात्याकडे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या.

माटुंगेकर

रंगाची चाचणी केली. गच्चीवरचे चार पाइप आहेत. पुढचे दोन पावसाच्या गटारात निघाले, मागचे दोन मलवाहिनीच्या चेंबरमध्ये. जांभळे पाणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर सचिवांनी मागचे पाइप वळवून घेण्याचा ठराव स्वतःच मांडायचे कबूल केले आहे. झाकणाला कुलूप लावण्यावर अजून मतभेद आहेत. पावसाचे गटार कंपाउंडच्या भिंतीपाशी सिमेंटने बुजलेले सापडले. ते कोणी आणि केव्हा बुजवले, यावर स्वतंत्र सभा लागेल.

वात्रट_वासू

त्या सभेचा धागा काढा. तिथे राजकारण चालेल ना?

तळमजला

माटुंगेकर, प्रतिसाद खुशाल वाचून दाखवा.

जलअभियंता साहेब, आम्हाला एकाने मलवाहिनीवर उलटे पाणी अडवणारी झडप बसवायला सांगितले आहे. त्याने आमचा प्रश्न सुटेल का?

निवृत्त_जलअभियंता

बऱ्याच अंशी सुटेल, पण ती कुठे बसवता यावर सारे अवलंबून आहे. संपूर्ण इमारतीच्या मुख्य वाहिनीवर बसवली आणि ती बंद झाली, तर वरच्या मजल्यांवरचे सांडपाणी बाहेर पडू शकणार नाही आणि तुमच्याच न्हाणीतून वर येईल. म्हणून तळमजल्याची वाहिनी वेगळी काढून फक्त तिच्यावर झडप बसवावी आणि वरच्या मजल्यांची जोडणी झडपेच्या पलीकडे ठेवावी. झडप मिटलेली असेपर्यंत तुम्हालाही संडास-मोरी वापरता येणार नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. झडपेच्या पात्याखाली केस आणि चिंध्या अडकल्या तर ती पूर्ण मिटत नाही, तेव्हा ती हाताने उघडून साफ करता येईल अशा चेंबरमध्येच असावी आणि मेअखेरीस एकदा बादलीभर पाणी उलट्या बाजूने ओतून पाहावी. पिंप मात्र पहिल्या पावसाळ्यात जवळच असू द्या.